पैसे परत कर, मग तौबा कर

तुझी नमाज चुकत नाही, हे मला ठाऊक आहे. रमजानचे रोजे पूर्ण करतोस, तरावीहला पहिल्या सफेत असतोस, फितरा वेळेवर काढतोस. म्हणूनच हे बोलणं तुझ्याशी आहे. ज्याला अल्लाहचं भयच नाही त्याच्यासाठी पोलीस आहेत, कोर्ट आहे. तिथे मास्तराचं काम नाही. तू मात्र भय असल्याचं सांगतोस आणि मोबाइल हातात आला की ते विसरतोस. तेव्हा खाली बस आणि शेवटपर्यंत ऐक. मध्ये बोलायचं नाही.

तू इन्स्टाग्रामवर दुकान थाटलंस. नाव अरबी वळणाचं, डीपीला काबागृहाचा फोटो, त्याखाली ‘बिस्मिल्लाह’ आणि ‘१०० टक्के हलाल कमाई’. पत्ता दिलास हिमायतनगर, बस स्टँडजवळ. माझी सगळी नोकरी या गावात गेली. स्टँडपासून रेल्वे स्टेशनपर्यंतचं एकेक शटर कुणाचं, हे मला विचार. त्यात तुझं दुकान कुठलं? शिलाई मशीनचे फोटो कुठल्याशा वेबसाइटवरून उचललेले, बुटांचे दुसरीकडून, आणि पाच-पाच तारे देणाऱ्या प्रतिक्रिया तुझ्याच मित्रांच्या. बाजारात नऊ हजारांना मिळणारी मशीन तू ₹४,५०० ला लावतोस. कुणी विचारलं, माल हातात आल्यावर पैसे देऊ का, तर उत्तर ठरलेलं: ऑफर फक्त आज, आधी बुकिंग. पैसे आले की नंबर ब्लॉक. आणि चौकात मित्रांना सांगतोस, आपला ऑनलाइन बिझनेस आहे.

सातवीत नफा-तोटा मी तुला शिकवला आहे. विक्रीतून खरेदी वजा केली की नफा. तुझ्या हिशेबात खरेदी शून्य, कारण माल तू कधी घेतलाच नाहीस. ज्या गणितात मालच नाही, त्यात नफा कुठून येणार? ही चोरी आहे. चोरीहूनही वाईट आहे. चोराला समोरच्याचा विश्वास मागावा लागत नाही. तू आधी विश्वास मागतोस, अल्लाहचं नाव जामीन ठेवतोस आणि मग लुटतोस.

कुणाला लुटलंस, तेही ऐकून घे. पैनगंगेपलीकडून, उमरखेडच्या बाजूनं एक बाई आली होती. स्टँडवर दोन-चार जणांना विचारून झाल्यावर कुणीतरी तिला माझ्याकडे पाठवलं. पोरं सगळी सरांच्या हाताखालून गेलेली, सरांना माहीत असेल म्हणून. तिनं तुझ्या पेजचा फोटो झेरॉक्सच्या दुकानातून कागदावर काढून आणला होता. घामानं त्या कागदाच्या घड्या फाटत आल्या होत्या. पत्त्याच्या ओळीवर बोट ठेवून तिनं विचारलं, “सर, हे दुकान आज बंद असतं का?” फसलो आहोत, हे अजून तिच्या मनानं घेतलंच नव्हतं. ब्लॉक झालेला नंबर तिला बिघडलेला नंबर वाटत होता.

मुलगी शिवणकाम शिकलेली. मशीन आली तर घरबसल्या ब्लाउज शिवता येतील म्हणून बचत गटातून कर्ज काढलं. आधी बुकिंगचे ₹१,००० गेले. मग ‘गाडी भरली, बाकीचे टाका’ म्हणून ₹३,५००. मग जीएसटीचे म्हणून ₹१,३००. मग ‘विमा आहे, माल पोचला की परत मिळतील’ म्हणून आणखी ₹१,०००. एकूण ₹६,८००. घरात मशीन आली नाही, गटाचा हप्ता मात्र चालू आहे. व्यवहाराच्या पावतीवर ज्याच्या खात्याचं नाव होतं तोही माझाच विद्यार्थी. तिथून तुझ्यापर्यंत पोचायला मला वेळ लागला नाही. तिच्यासमोरच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावून तक्रार नोंदवली आहे. ते पुढचं पुढे. आधी तुझी कारणं एकेक करून खोडून काढतो.

पहिलं कारण तू मित्रांपाशी सांगतोस ते. ऑनलाइनचं जग वेगळं आहे, जुन्या काळचे बाजाराचे मसले इथं लागू होत नाहीत. असं? मग तुझ्या घरातल्याच मालापासून सुरू करू.

तुझे अब्बा सोयाबीन घेऊन आडतीवर जातात. व्यापारी पोत्यात खोल हात घालतो, मूठभर दाणे बाहेर काढतो, दाताखाली धरतो आणि ओल आहे म्हणून भाव पाडतो. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा बारा टक्के. २०२४ साली शेतकऱ्यांची ओरड झाली तेव्हा केंद्रानं ती पंधरापर्यंत नेली. म्हणजे पोत्याच्या आत काय आहे, याला बाजारात केवढी किंमत असते, हे तुझ्या घराला कुणी शिकवायला नको. आता मदीनेच्या बाजारात ये. पैगंबर (स.) धान्याच्या एका राशीपाशी थांबले. राशीत हात घातला तर बोटांना ओल लागली. विचारलं, हे काय? विकणारा म्हणाला, पाऊस लागला. त्यांनी त्याला बजावलं की ओला भाग वर ठेवायला हवा होता, म्हणजे लोकांना दिसला असता. आणि फसवणूक करणाऱ्याशी आपलं नातं नाही, हेही सांगून टाकलं. सहीह मुस्लिममध्ये ही हदीस आहे.

आता त्या विकणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेव. त्याच्याकडे धान्य होतं. खरं होतं. पावसानं भिजलं, त्यात त्याचा दोषही नव्हता. फक्त ओल खाली आणि कोरडं वर, एवढीच त्याची लबाडी. त्यावर एवढे कडक शब्द ऐकावे लागले. तुझ्याकडे तर रासच नाही. दुसऱ्याच्या राशीचा फोटो आहे.

आणि फोटोचाही मसला आहे. जनावरांच्या बाजारात गाय विकायला आणण्याआधी तिचं दूध काढत नाहीत. कास तुंबली की गाय दुधाळ दिसते, गिऱ्हाईक भुलतं, घरी नेल्यावर दोन दिवसांत खरं काय ते कळतं. हा प्रकार अरबस्तानातही चालायचा. पैगंबरांनी (स.) तो मना केला आणि तसं जनावर घेणाऱ्याला तीन दिवसांत परत करायचा हक दिला, काढलेल्या दुधाबद्दल एक साअ, म्हणजे एक माप, खजूर द्यावा आणि जनावर परत करावं. माल आहे त्याहून चांगला भासवणं, मग ते कासेनं असो की फिल्टर लावलेल्या फोटोनं, मना आहे. चौदाशे वर्षांपूर्वीच मना झालं आहे.

खोट्या प्रतिक्रियांचं काय? लिलावात घ्यायची इच्छा नसताना भाव वाढवायला मध्येच बोली लावणारा भाडोत्री माणूस तुला माहीत असेल. या प्रकाराला फिकहमध्ये, म्हणजे शरियतच्या कायद्यात, नजश म्हणतात आणि पैगंबरांनी (स.) त्याला साफ मनाई केली आहे. ‘मशीन मस्त आली, भाई एकदम जेन्युइन’ असं लिहिणारा तुझा मित्र तोच भाडोत्री बोलीवाला आहे. ‘फक्त दोन शिल्लक, सतरा जण पाहत आहेत’ ही तुझी ओळही त्यातलीच. आता सरकारलाही हे कळलं आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन प्रतिक्रियांसाठी आयएस १९००० हे मानक आलं, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये गिऱ्हाइकाला भुलवणाऱ्या तेरा क्लृप्त्या केंद्रानं नावानिशी मना केल्या. त्यात खोटी टंचाई आणि खोटी घाई सगळ्यात वर आहे.

तुझ्याहून थोडा सभ्य असा तुझा एक दोस्त आहे. तो पैसे घेऊन पळत नाही. स्टेटसला दुसऱ्याच्या मालाचे फोटो लावतो, पूर्ण पैसे घेतो, मग सुरतेहून किंवा दिल्लीहून मागवतो. आलं तर देतो, नाही आलं तर महिनाभर ‘आज येतं, उद्या येतं’. त्यालाही हे ऐकव. हकीम बिन हिजाम (रजि.) यांनी नेमका हाच प्रश्न विचारला होता. माणूस येतो, माझ्याजवळ नसलेला माल मागतो, तर आधी विकून मग बाजारातून आणून देऊ का? उत्तर मिळालं, जे तुझ्याजवळ नाही ते विकू नकोस.

मग आगाऊ पैसे घेऊन धंदा करायचाच नाही का? करायचा. मदीनेचे लोक खजुराचे पैसे एक-एक, दोन-दोन वर्षं आधी देत. ते बंद केलं गेलं नाही. त्याला शर्ती घातल्या: माप ठरलेलं, वजन ठरलेलं, मुदत ठरलेली. याला सलम म्हणतात. कोणता माल, कोणत्या प्रतीचा, किती, कोणत्या तारखेला, कुठे पोचवणार, हे सगळं आधी पक्कं आणि पैसे पूर्ण रोख. संदिग्ध काहीही ठेवायचं नाही. ते जमत नसेल तर उघड सांगायचं: मी दलाल आहे, तुमच्यासाठी माल आणून देतो, माझं कमिशन एवढं. किंवा नुसता शब्द घ्यायचा, माल स्वतःच्या ताब्यात आणायचा आणि मग विकायचा. वाटा इतक्या असताना त्या दोस्तानं नेमकी बंद वाट का धरली? कारण उघड्या वाटांवर खरं सांगावं लागतं.

तुझ्या पेजवर वरच लिहिलं आहे, ‘नो रिटर्न, नो एक्स्चेंज’. आपण हनफी मसलकाचे. न पाहता घेतलेली वस्तू पाहिल्यावर परत करण्याचा हक हनफी फिकहनं घेणाऱ्याला दिला आहे, आणि वस्तू डोळ्यांनी पाहण्याआधी तो हक त्यानं सोडला तरी सुटत नाही. तू पाटी लावलीस म्हणून तो बुडत नाही. देशाचा कायदाही इथं वेगळं बोलत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे सदोष निघालेला किंवा जाहिरातीत दाखवल्यासारखा नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तेव्हा जग वेगळं असल्याचं पुन्हा सांगू नकोस. जग तेच आहे. पूर्वी विकणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाहावं लागायचं. तुला पाहावं लागत नाही, एवढाच काय तो फरक. आणि सगळं पाहणारा तेव्हाही पाहत होता, आताही पाहतोच आहे.

दुसरं कारण उच्चारायलाही मला शरम वाटते. ‘ती काय आपली होती का?’ हे वाक्य तुझ्या त्या खातेवाल्या मित्रानं माझ्यासमोर काढलं. इतका दीन शिकूनही एवढीच समज? मक्केच्या लोकांनी पैगंबरांना (स.) छळलं, बहिष्कार टाकला, शेवटी जिवावर उठले. तरी त्याच लोकांच्या अमानती त्यांच्याकडे ठेवलेल्या होत्या, कारण सगळ्या मक्केत भरवशाचा दुसरा माणूस नव्हता. हिजरतीच्या रात्री स्वतः निघताना त्यांनी हजरत अलींना (रजि.) मागे ठेवलं, ते ज्याची अमानत त्याला परत करण्यासाठी. घराला वेढा घालणाऱ्यांचा पैसा! तोही बुडवला नाही. आणि या जगाचा निरोप घेतला तेव्हा त्यांचं चिलखत जवाच्या बदल्यात एका यहुदी माणसाकडे गहाण होतं. परधर्मीयाशी व्यवहार कसा करायचा, याचा यापेक्षा मोठा दाखला तुला कुठं मिळणार? या गावात परमेश्वर मंदिराच्या यात्रेत आपल्या लोकांची बांगड्यांची, खेळण्यांची दुकानं लागतात आणि पिढ्यान्‌पिढ्या गिऱ्हाईक येतं ते जबानीवर. ती जबान तुझ्या आजोबांनी कमावली. तू ती विकून खातोस.

तिसरं कारण, ‘सगळेच करतात’. हो, करतात. झारखंडातलं जामताडा याच धंद्यानं देशभर बदनाम झालं. आणि मेवात. एप्रिल २०२३ मध्ये हरियाणा पोलिसांनी तिथल्या नूह जिल्ह्यातल्या १४ गावांवर हजारोंच्या फौजेनिशी एकदम छापे घातले. पोलिसांनी पुढे आकडा सांगितला तो देशभरातल्या सुमारे २८,००० लोकांच्या, सुमारे १०० कोटींच्या फसवणुकीचा. जुन्या वस्तूंच्या खोट्या जाहिराती हा त्यांचा एक मोठा मार्ग होता. आता याची दुसरी बाजू पाहा. मौलाना मुहम्मद इलियास यांनी १९२० च्या दशकात तबलीगचं काम जिथून सुरू केलं, ते हेच मेवात. आज सगळ्या जगात जमाती फिरतात त्याची सुरुवात जिथं झाली, तिथली पोरं अनोळखी माणसाच्या खात्यातून पैसे काढताना पकडली जातात. फसवणाऱ्याला जात नसते, धर्म नसतो. सगळ्या समाजांत ते आहेत. पण जाब विचारायचा तर मी आधी माझ्या घराला विचारणार. कपाळावर सजद्याचा डाग आणि खिशात दुसऱ्याचं सिम कार्ड, हे दोन्ही एका अंगावर शोभत नाही.

‘हलाल’ हा शब्दही तू जपून वापर. २०१९ साली बेंगळुरूची आयएमए ही गुंतवणूक कंपनी बुडाली. व्याज नको म्हणून, हलाल म्हणून हजारो मुस्लिम घरांनी तिथं बायकांचे दागिने, निवृत्तीचे पैसे नेऊन ठेवले होते. दीनच्या नावावर विश्वास ठेवला, तोच त्यांचा गुन्हा ठरला. त्यानंतर खरोखर सचोटीनं धंदा करणाऱ्या माणसानं ‘हलाल’ लिहिलं तरी लोक संशयानं पाहू लागले. तुझ्या पेजवरचा काबागृहाचा फोटो हेच पाप छोट्या प्रमाणावर करतो आहे.

चौथं कारण, ‘सर, नोकरी कुठं आहे?’ हे मात्र मी उडवून लावणार नाही. आपल्या भागात कारखाना नाही. कापूस-सोयाबीनवर घर चालत नाही. डिग्री घेतलेली पोरं पुणे-हैदराबादला हमाली करतात, हे मी रोज पाहतो. पण बेकारी ही अडचण आहे, परवाना नाही. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) मक्का सोडून मदीनेत आले तेव्हा त्यांच्याजवळ काही उरलं नव्हतं. साद बिन रबी (रजि.) त्यांना आपली अर्धी मालमत्ता द्यायला निघाले. अब्दुर्रहमान यांनी दुवा दिली आणि विचारलं, बाजार कुठं आहे? दुसऱ्या दिवशी तिथं जाऊन पनीर आणि तूप विकायला सुरुवात केली. पुढे मदीनेतल्या मोठ्या व्यापाऱ्यांत त्यांची गणना झाली. तुझ्या हातात तर त्यांच्या बाजाराहून हजारपट मोठा बाजार आहे. वसमतची हळद आहे, आपल्या शिवारातली तूर आहे, गावातल्या बायकांचं शिवणकाम आहे. स्वतः काढलेला फोटो लाव, खरं वजन लिही, खोट सांग आणि वीक. पहिल्या महिन्यात चार गिऱ्हाइकं मिळतील. पण ती चार पुन्हा येतील.

पाचव्या कारणावर तुझा सगळ्यात जास्त भरवसा आहे. म्हणून ते शेवटी घेतलं. तू म्हणतोस, गुनाह झाला असेल तर अल्लाह गफूर आहे, मी तौबा करतो, सदका देतो, मशिदीच्या पंख्याला पैसे मीच दिले.

नीट ऐक. अल्लाहचा हक वेगळा, बंद्याचा हक वेगळा. नमाज चुकली, रोजा चुकला, तर तू आणि तुझा रब. तिथं त्याच्या रहमतीला अंत नाही. पण त्या बाईचे ₹६,८०० हा त्या बाईचा हक आहे. ती माफ करत नाही किंवा तिला ते मिळत नाहीत, तोवर तुझी तौबा दारातच उभी आहे. अल्लाहच्या वाटेत जीव देणाऱ्या शहीदाचं सगळं माफ होतं, पण कर्ज माफ होत नाही, असं हदीसमध्ये आलं आहे. तू कोण लागून गेलास?

पैगंबरांनी (स.) एकदा साथीदारांना विचारलं, दिवाळखोर कुणाला म्हणता? ते म्हणाले, ज्याच्याजवळ पैसा-अडका नाही त्याला. त्यावर त्यांनी जे समजावलं ते तुझ्यासाठीच आहे असं धर. कयामतच्या दिवशी एक माणूस नमाज, रोजे, जकात घेऊन येईल. पण कुणाला शिवी दिलेली, कुणाचा माल खाल्लेला, कुणाला मारलेलं. मग एकेक हकदार येईल आणि याच्या नेक्या उचलून नेईल. नेक्या संपल्या आणि हकदार उरले, तर त्यांचे गुनाह याच्या डोक्यावर येतील. खरा दिवाळखोर तो. तू पहिल्या सफेत जमवलेलं सगळं उमरखेडच्या त्या बाईच्या नावावर जमा होतं आहे. तिला ते माहीत नाही. तुला आता माहीत झालं.

आणि मशिदीचा पंखा? अल्लाह पाक आहे आणि पाक तेच कबूल करतो. मशिदीत लोकांना लागणारा तो वारा त्या बाईच्या पैशाचा आहे. त्याचा सवाब तुला नाही. इमाम अबू हनीफा (रह.) कूफ्यात कापडाचा व्यापार करत. भागीदाराकडे माल पाठवताना त्यांनी सांगितलं होतं की एका कापडात खोट आहे, विकताना ती दाखवायची. भागीदार विसरला, माल विकला गेला, घेणारा सापडेना. इमामांनी त्या विक्रीचा सगळा पैसा खैरात करून टाकला. एका कापडातली, तीही विसरून न सांगितलेली खोट! ज्यांच्या मसलकाचं नाव तू सांगतोस, त्यांचा धंदा असा होता.

आता तुझ्या आजूबाजूच्यांना सांगतो, कारण तू एकटा हे करू शकला नसतास.

खातं भाड्यानं देणाऱ्या पोरा, तू म्हणतोस मी कुणाला फोन केला नाही, मला फक्त दोन हजार मिळाले. पोलिसांना पहिलं नाव तुझंच सापडतं. आयटी कायद्याच्या कलम ६६ डी मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. उद्या तुझं खातं गोठेल आणि आईच्या पेन्शनचा पैसाही त्यातच अडकेल. आणि कुरआननं गुनाहच्या कामात हात द्यायलाच मनाई केली आहे. हात मोठा की छोटा, ते विचारलेलं नाही.

अब्बांनाही माझा सलाम सांग आणि हेही सांग. पोराचं दुकान नाही, शेत नाही, नोकरी नाही आणि ते नवी मोटारसायकल दारात लावतं, तेव्हा पैसा कुठून आला, हे विचारणं बापाचं काम आहे. आडतीवर चार किलोच्या घटीसाठी तुम्ही व्यापाऱ्याशी भांडता, ते बरोबरच आहे. मापात मारणाऱ्यांच्या नावाचीच कुरआनात एक सूरह आहे, आणि मदयनची कौम वजन-मापातल्या बेईमानीपायी नष्ट झाली. तोच काटा घरात का लावत नाही?

घेणाऱ्यांनीही मान डोलावू नये. ईदला शेरवानी मागवायची, दिवसभर घालून फोटो काढायचे आणि लेबल पुन्हा लावून ‘साइज बसली नाही’ म्हणून परत करायची, हेही फसवणंच आहे. घेणारा आणि विकणारा दोघं खरं बोलले आणि खोट लपवली नाही, तर सौद्यात बरकत. लपवली तर बरकत गेली. हदीसमध्ये दोघांची नावं आहेत, एकट्या दुकानदाराचं नाही. आणि नऊ हजारांची वस्तू कुणी साडेचारला देतो म्हणालं, तर हात आखडता घ्या. पैसे मिळवायला पिन टाकावा लागत नाही. फसलात तर शरमेनं घरात बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. उशीर झाला की पैसा दहा खात्यांत वाटला जातो. माल खराब आला तर १९१५ ही ग्राहकांची हेल्पलाइन आहे.

आता तुझं काम सांगतो. हा सल्ला नाही.

पेजवरची विक्री आज बंद. पण काहीही पुसायचं नाही. चॅट आणि व्यवहार हाच तुझ्या देण्याचा हिशेब आहे. खात्याचं स्टेटमेंट काढ. वही घे आणि नाव, तारीख, रक्कम असं एकेक ओळीत लिही. कुरआनातली सगळ्यात लांब आयत देण्याघेण्याचा करार लिहून ठेवण्याबद्दल आहे, एवढं ध्यानात घे आणि लिहिताना आळस करू नकोस. मोटारसायकल वीक. ज्यांचं नुकसान त्यांना जड आहे त्यांना आधी दे. प्रत्येकाला फोन करून स्वतःच्या नावानं माफी माग. दुसऱ्याच्या सिमवरून नाही. जो सापडतच नाही त्याला मनापासून शोध. तरी नाही सापडला तर त्याच्या वतीनं ती रक्कम गरिबाला दे, स्वतःच्या सवाबाची आशा न धरता. पुढे तो आला आणि त्यानं पैसे मागितले, तर पुन्हा दे.

तक्रार नोंदली गेली आहे. अब्बांना आणि वकिलाला घेऊन पोलीस ठाण्यात स्वतःच्या पायानं जा. पैसे परत केले म्हणून गुन्हा पुसला जात नाही, तेव्हा जे होईल ते सोसायची तयारी ठेव. मी बरोबर येईन, पण तुझ्यासाठी खोटं बोलणार नाही.

हे सगळं झाल्यावर पुन्हा विकायचं असेल तर ये. फोटो कसा लावायचा, खोट कशी लिहायची, मुदत कशी ठरवायची, ते मी शेजारी बसून शिकवीन.

वहीत पहिलं नाव उमरखेडच्या बाईचं लिही. ₹६,८०० आजच पाठव, पावती मला दाखव, आणि मग दुसरं नाव लिही.